मान ताठ, हात आखूड

जून जवळ आला की माझा उजवा खांदा धरतो. डॉक्टर म्हणतात, वयानं आखडलाय, हवा दमट झाली की दुखणारच. मी मान डोलावते आणि मलमाची नळी घेऊन घरी येते. दुसरं जे कारण आहे ते त्यांच्या कागदावर मावणारं नाही. शिवाय चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईनं सहाव्या वर्षीचं दुखणं सांगत बसणं शोभतही नाही.

भूगावात आमच्या इमारतीच्या फाटकाशी या दिवसांत शाळेच्या पिवळ्या गाड्या यायला लागतात. वाण्याच्या दुकानात वह्यांचे गठ्ठे आणि खाकी कव्हरं दिसू लागतात. यंदा आमच्या घरात तर लगीनघाई होती, कारण अन्वीचा, माझ्या नातीचा, पहिलीतला प्रवेश होता. सूनबाई दोन महिने धावत होती. जन्माचा दाखला, लशींचं कार्ड, आईबापांची मुलाखत, आणि फॉर्मवर मुलीचं वय वर्षं, महिने, दिवस अशा तीन चौकटींत. "एक दिवस कमी भरला तरी घेत नाहीत हो आई," ती अगदी रडकुंडीला येऊन म्हणाली. मला हसू आलं आणि तिला राग आला. पण मी तिला हसत नव्हते. आमचं वय कुणी दिवसांवर मोजलं नाही, हाताच्या लांबीवर मोजलं, ते आठवून हसत होते.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. गावात जन्माची नोंद कुणाकडे असायची? "पोर कवाचं?" विचारलं तर "रेडी व्याली त्या सालातलं" असं उत्तर मिळे. मग गुरुजी पोराला समोर उभं करायचे आणि उजवा हात डोक्यावरून पलीकडे टाकायला लावायचे. बोटं डाव्या कानाला लागली तर पोर सहा वर्षांचं झालं, नाव पटावर. नाही लागली तर पुढल्या वर्षी. झालं वय. दाखला नको, मुलाखत नको.

आमचं माले गाव पौडच्या पुढं, मुळशीच्या वाटेवर. आज त्या रस्त्यानं शनिवार-रविवारी मोटारींची रांग लागते. तेव्हा पौडला जायचं म्हणजे तालुक्याला जायचं, आणि तेही कोर्टाचं किंवा दवाखान्याचं काम निघालं तरच. शाळा मारुतीच्या देवळात भरायची. गुरुजी एकच, सासवडकडचे. आमच्या पावसाला ते पहिल्या वर्षी घाबरले आणि मग सवयीनं चिडायला लागले. त्यांना पट भरून दाखवायचा असे म्हणून जूनच्या सुरुवातीला ते धोतराचा काचा मारून, मेणकापडात गुंडाळलेलं रजिस्टर काखेत घेऊन दारोदार फिरत. तो दिवस माझ्या आयुष्यात चार वेळा आला. एकदा आला असता तरी पुरे होतं.

पहिल्या वेळी मी सहाची असेन. माझा भाऊ नामा नुकता रांगायला लागला होता. गुरुजी येणार त्याच्या आदल्या दिवशी आई मला उंबऱ्यात बसवून वेणी घालत होती. वेणी झाल्यावर म्हणाली, "हिरे, टाक बगू हात डोक्यावरनं."

मी टाकला. मान आपसूक कलली आणि बोटं थेट कानाच्या पाळीला लागली. मी अशी खूश झाले की कान धरूनच बसले. आईचे हात मात्र माझ्या वेणीवर थांबले.

"उद्या गुर्जी आलं की मान ताठ धरायची," ती म्हणाली. "डोक्यावर घडा हाय आसं समजायचं. घडा असला की मान वाकावतीस का? मग तशी. ताठ."

मी मान ताठ धरली, हात टाकला. दोन बोटांचं अंतर राहिलं.

"बास," आई म्हणाली. "आसंच."

"का गं?"

"नाम्याला कोन बगंल? लावनी काय तुजा बाप एकटा करनार हाय?"

हे खरंच होतं. घरात आजी नव्हती, चुलती नव्हती. भाताच्या लावणीला आमच्याकडे इरजिक चालायचं, म्हणजे आज सगळ्यांनी मिळून एकाच्या खाचरात लावायचं, उद्या दुसऱ्याच्या. जी बाई दुसऱ्याच्या चिखलात उतरली नाही तिच्या चिखलात कुणी उतरत नसे. आई घरी राहिली असती तर आमचं रोप पेरलेल्या जागीच पिवळं पडलं असतं आणि वर्षभर आम्ही नाचणीच्या पेजेवर राहिलो असतो. आई दुष्ट नव्हती. हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून तर माझी पंचाईत झाली. दुष्ट माणसाशी भांडता येतं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. "टाक बाळ हात," म्हणाले. मी डोक्यावर घडा ठेवला, नसलेला, आणि हात टाकला. गुरुजींनी वाकून पाहिलं. "दोन बोटं कमी पडतायत. पुढच्या वर्षी," ते म्हणाले आणि कोरा चहा पिऊन शेजारच्या घरी गेले. खरं सांगते, मला तेव्हा वाईट वाटलं नाही. आईची आणि माझी अशी एक युक्ती होती आणि ती मला साधली होती. शाबासकीसाठी मी आईकडे पाहिलं. ती चुलीत फुंकर घालत होती. चूल चांगली पेटलेली होती तरी ती फुंकत राहिली.

वाईट वाटलं ते नंतर, लावणी सुरू झाली तेव्हा.

मुळशीचा पाऊस बाहेरच्याला सांगून कळत नाही. पावसाच्या अंगाला घराच्या भिंतींना कारवीच्या झापा बांधत, त्यामुळे आत दिवसाही संध्याकाळ. एक दार, तेही ओसरीकडचं. चुलीचा धूर बाहेर जायला वाट नसल्यानं आढ्याला लोंबत राहायचा. भिंतीला हात लावला तर ओला, गोधडी ओली, मीठ ओलं. सकाळी आई-बाबा पानांची इरली डोक्यावर घेऊन गेले की दिवस मावळेपर्यंत त्या घरात मी, नामा, एक शेळी आणि कोंबड्या. नामा रडला की मी त्याला काखेत घ्यायचं, झोपला की झोळीची दोरी ओढायची, उठला की पेज भरवायची. बाहेर जायची सोय नाही. गोठ्यात शेणाला किंवा ओढ्यावर पाण्याला जावंच लागलं तर आईनं चिंध्यांची एक दोरी वळून ठेवली होती. ती नामाच्या कमरेला बांधायची आणि दुसरं टोक घराच्या मधल्या मेढीला, म्हणजे आढं पेलणाऱ्या खांबाला. सगळ्याच घरांत असं करत, त्यात कुणाला काही वाटत नसे. मला मात्र दोरीची गाठ मारताना रोज वाटायचं की आपणच बांधले जातोय.

देवळातली शाळा आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पाऊस जरा थांबला की पाढे ऐकू यायचे. सगळी पोरं एका सुरात ओरडायची, आणि मी झोळी ओढता ओढता त्यांच्याबरोबर ओठ हलवायची. पण आमचा पाऊस थांबतो किती वेळ? "सात चोक" पर्यंत ऐकू यायचं आणि सर यायची. सर गेली की "सात नवे" चालू असायचं. माझे पाढे असे भोकाभोकांचे झाले. सात पाचे आणि सात साते मी कित्येक महिने स्वतःच्या मनानं काहीतरी ठरवून म्हणत होते, आणि अजूनही घाईत सात साते विचारलं तर मी क्षणभर अडखळते.

मग एक दिवस मला राहवलं नाही. नामाला मेढीला बांधलं आणि पळत देवळाच्या मागे गेले. तिथं भिंतीत एक झरोका होता. दगडावर चढून आत पाहिलं. नुसत्या पाट्या, ओल्या टोप्या, आणि गुरुजींनी फळ्यावर काढलेला एक मोठा हत्ती. त्या दिवशी ते हत्तीवर काहीतरी शिकवत होते. मी हत्ती कधी पाहिला नव्हता. एवढं मोठं जनावर असतं आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही, याचंच मला नवल वाटत राहिलं. किती वेळ उभी होते कोण जाणे. अंगावर पाऊस आला तेव्हा भानावर आले.

घरात शिरले तर नामाचा आवाज नाही. तो मेढीभोवती रांगत रांगत फिरला होता. गोल गोल फिरत दोरी मेढीला गुंडाळत गेली होती आणि शेवटी एक वीतही उरली नव्हती. त्याचं तोंड लाकडाला चिकटलं होतं. रडून रडून आवाज बसलेला, ओठांवर मेढीची काळी कजळी. मी त्याला उलटा फिरवत सोडवलं. आवळलेली गाठ दातांनी सोडली. त्याला काही झालं नव्हतं. संध्याकाळपर्यंत तो हसायलाही लागला. आईला मी काही सांगितलं नाही, पण त्याच्या गालावरचा वळ तिनं पाहिलाच. तेल चोळलं आणि भाकरी थापायला बसली. मारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढल्या जूनला गुरुजी परत आले. या वेळी आईनं मला आदल्या दिवशी काही शिकवलं नाही. मान ताठ धर म्हणाली नाही, धरू नको असंही म्हणाली नाही. नुसती दाराशी नामाला काखेत घेऊन उभी राहिली. गुरुजी म्हणाले, "टाक हात."

आणि मी मान ताठ धरली. कुणी सांगितलं नव्हतं. मेढीला चिकटलेलं ते तोंड माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. मी घडा पेलावा तशी मान धरली आणि वर खांदाही आखडून घेतला, कारण हात एव्हाना चांगला लांब झाला होता. दोन बोटं कमी पडली.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "हिचा हात वाढत नाही का हिची मान वाढतेय?" ते म्हणाले. त्यांना कळलं होतं. आई खाली मान घालून म्हणाली, "पोर अजून ल्हान हाय वो गुर्जी." गुरुजींनी रजिस्टर मिटलं. एका बाईच्या तोंडावर तिला खोटं पाडायचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि त्या चांगुलपणाचा मला फार राग येतो. थोडा वाईट माणूस असता तर मी शाळेत गेले असते.

तिसऱ्या वर्षी त्यांनी हात टाकायला सांगितलंच नाही. ओसरीवर आले, बाबांशी पावसापाण्याचं बोलले आणि गेले. मी मेढीजवळ उभी राहून वाट पाहत होते. त्या वेळी मी मनाशी ठरवलं होतं की मान वाकवायची. नामा आता चालत होता, दोरीही लागत नव्हती. पण मी आता शाळेच्या वयाची पोर उरले नव्हते, घरातली एक बाई झाले होते. वाकवायला तयार असलेली मान तशीच राहिली. पुढल्या वर्षी तर ते आमच्या दारावरून सरळ पुढं गेले.

नामा पाचाच्या आतबाहेर असताना चौथ्यांदा गुरुजी ओसरीवर चढले. त्याला म्हणाले, "टाक रे हात." त्याचा हात डोक्याच्या मध्यावरच संपला. मग त्यानं मान एवढी मोडली की कान खांद्याला टेकला, तोंड वेडंवाकडं केलं, जीभ बाहेर काढली, तरीही बोटं पोचेनात. गुरुजी खो खो हसले. बाबा हसले. "घ्या वो," बाबा म्हणाले, "पोरगं हुशार हाय." आणि गुरुजींनी लिहिलं. हात न पुरता नाव लागलं. मी दारामागे उभी होते आणि माझा लांब हात मला कुठं लपवावा कळत नव्हतं.

"पण ह्याला वढ्यापल्याड कोन नेनार?" आईनं विचारलं. त्या वर्षी देवळाचं छप्पर बसलं होतं आणि शाळा ओढ्यापलीकडच्या एका पडवीत गेली होती. पावसाळ्यात त्या ओढ्याला मोठ्या माणसाच्या मांडीइतकं पाणी असे.

"हिरी नेईल की," बाबा म्हणाले.

गुरुजी लिहिता लिहिता थांबले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मग हिचंही लावून टाकतो. नाहीतरी दिवसभर तिथं बसूनच राहणार." जन्मतारीख म्हणून दोघांच्या पुढे एकच ओढली, एक जून, साल नामाचं. "जुळी झाली बघा तुमची," ते आईला म्हणाले. अशी मी, दहा वर्षांची घोडी, माझ्या पाच वर्षांच्या भावाच्या बरोबरीनं एका दिवशी जन्मले. ज्याच्यापायी शाळा बुडली त्यालाच पाठीवर घेऊन मी शाळेत शिरले.

शाळेत गेल्यावर मोकळं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. माझे गुडघे सगळ्यांत उंच, म्हणून भिंतीला टेकून शेवटी बसायचं. नामा मांडीवर. तो कंटाळला की बाहेर, त्याला लागली की बाहेर, तो रडला की दोघांची पाटी दप्तरात. हजेरीत त्याचं नाव आधी, लगेच माझं, एका दमात. माझ्या बरोबरीच्या मुलींची लग्नाची बोलणी चालली होती आणि मी गमभन गिरवत होते. पोरं मला "नाम्याची म्हैस" म्हणायची. पण पाढ्यांमधली भोकं भरत गेली. सात पाचे पस्तीस आहे, हे ज्या दिवशी नीट ऐकलं त्या दिवशी मी ओढ्यात मध्यावर उभी राहून, नामाला खांद्यावर घेऊन, ते चार वेळा मोठ्यानं म्हटलं.

पुढं सातवी कशी झाले, लग्न कसं झालं, ते वेगळंच रामायण आहे. मी शिक्षिका झाले. दर जूनमध्ये मीही रजिस्टर घेऊन दारोदार फिरले, पण हात टाकायला कुणालाही सांगितलं नाही. पोर दिसलं की लिहिलं. आणि त्या चुकीच्या सालामुळे माझी निवृत्ती पाच वर्षं उशिरा आली. घरी जायची इच्छा असताना कागद म्हणायचा, बाई, तुम्ही अजून लहान आहात.

आई आता नव्वदीच्या पुढे आहे. नामाच्या घरी जिने फार, आमच्याकडे लिफ्ट आहे, म्हणून माझ्याकडे असते. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. खिडकीपाशी तिची खाट आहे. पाचव्या मजल्यावरच्या त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, तेवढीही आता तिला दिसत नाही. "कोंडल्यावानी हुतंय गं," ती दिवसातून दोनदा म्हणते. मागे एकदा ती एकटीच जिन्यापर्यंत गेली होती. तेव्हापासून मुलगा-सून कामावर असताना मला भाजी आणायला जायचं झालं तर बाहेरून कुलूप लावावं लागतं. किल्ली फिरवताना मला ती चिंध्यांची दोरी हमखास आठवते. भाजी घेऊन मी पळतच वर येते. लांब कुठं गेले असं गेल्या तीन वर्षांत झालेलं नाही. आईनं मला अडकवलं आणि आता मी तिला, असं म्हणून रडायला सोपं जाईल, पण ते पूर्ण खरं नाही. तिला भात लावायचा होता, मला भाजी आणायची असते.

तिच्यावर माझा राग मात्र होता. तो मी कधी बोलले नाही आणि तिनंही विषय काढला नाही. साठ-पासष्ट वर्षं आम्ही त्या दोन बोटांच्या अंतरावरून एकमेकींना ओलांडून जात होतो.

गेल्या रविवारी अन्वीचा प्रवेश पक्का झाला. दुपारी ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, "आजी, तुझी ॲडमिशन कशी झाली?" मी तिला हाताची गोष्ट सांगितली. मानेची नाही, नुसती हाताची. तिनं लगेच हात टाकला, कान धरला आणि खोलीभर नाचली. मग म्हणाली, "आता तू."

मी उजवा हात उचलला. खांद्यातून कळ गेली. हात डोक्यावरून कसाबसा पलीकडे गेला आणि थांबला. अन्वीनं जवळ येऊन, डोळे बारीक करून पाहिलं. "दोन बोटं कमी!" ती आनंदानं ओरडली. "आजीचा पुरतच नाही! आजीला शाळेत घेणार नाहीत!"

मी हसायला गेले, पण हात तसाच राहिला होता आणि तो खाली घ्यायचंही मला सुचेना.

खाटेवर आई जागी होती. मला वाटलं होतं झोपलीय. ती उठून बसली आणि आवाजाच्या दिशेनं हात पुढं करत चाचपडत राहिली. मी जवळ सरकले तसा तिचा हात माझ्या मानेवर पडला. त्या हातानं मान वरपासून खालपर्यंत चाचपली.

"आजून ताठच धरलीयास," ती म्हणाली.

मला तोवर कळलंच नव्हतं. खांदा दुखत होता हे खरं, पण मान मी ताठ धरली होती. घडा असल्यासारखी.

"वाकाव गं, हिरे," आई म्हणाली. "आता कुनाला भ्याचं हाय? वाकाव जरा."

मी वाकवली. आईनं माझ्या कोपराला खालून हळूच रेटा दिला. खांद्यातून अशी कळ आली की डोळ्यांत पाणी आलं, आणि बोटं कानाला लागली.

"लागला का?" तिनं विचारलं. तिला दिसत नव्हतं.

"लागला."

"हां," आई म्हणाली, आणि माझं कोपर तिनं तसंच धरून ठेवलं. "मंग लिवा म्हनाव आता नाव."